मनगट, बाहुली आणि उलटा प्रश्न

'मे दुएले ला मुन्येका' हे स्पॅनिश वाक्य पुण्यातल्या आमच्या वर्गात पहिल्यांदा फळ्यावर आले, तेव्हा निम्म्या वर्गाने वहीत 'माझी बाहुली दुखते' असे लिहिले होते. त्यात कोणाची फारशी चूक नव्हती, कारण आदल्याच आठवड्यात खेळण्यांच्या धड्यात 'मुन्येका म्हणजे बाहुली' असे आम्ही घोकले होते. शिक्षकांनी काही न बोलता आपलेच मनगट दुसऱ्या हातात धरले, तोंड वेडेवाकडे केले आणि सगळा वर्ग हसला. पंजा आणि कोपरापुढचा हात जिथे जुळतात त्या सांध्याला स्पॅनिशमध्ये जे नाव आहे, तेच नाव लहान मुलींच्या बाहुलीलाही आहे, एवढीच ती गोष्ट.

हा विनोद त्यानंतर मी कितीतरी वेळा ऐकला, आणि अलीकडे तो एका गंभीर वादात पुरावा म्हणून वापरला जाताना पाहतो. वाद असा आहे की डॉक्टर आणि रुग्ण यांची भाषा वेगळी असेल तर मध्ये प्रशिक्षित दुभाषी उभा करावा, की आता मोबाइलमधल्या भाषांतर यंत्रावर भागवावे. अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे लोक ४ कोटींहून अधिक असल्याने तिथे हा प्रश्न रोजचा आहे. माणसाची बाजू घेणारे लोक मग 'मुन्येका' पुढे करतात, आणि ज्या यंत्राला मनगट व बाहुली यांतला फरक कळत नाही त्याच्या हाती रुग्णाचा जीव कसा सोपवायचा, असे विचारतात. त्यांचा निष्कर्ष मला मान्य आहे. दवाखान्यात माणूसच हवा. मात्र त्यासाठी दिलेला हा पुरावा कुचकामी आहे, आणि तो कुचकामी का आहे हे नीट पाहिले तर माणूस नेमका कशासाठी हवा हेही कळते.

आधी तो शब्दच जवळून पाहू. 'मुन्येका' हा लॅटिनमधून आलेला शब्द नाही. रोमन लोक इबेरियन द्वीपकल्पात येण्यापूर्वी तिथे ज्या बोली होत्या त्यांतला तो असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात, आणि उंचवटा, फुगीर गोळा, हद्दीचा दगड अशी त्याची मूळ कल्पना असल्याचे सांगतात. ती कल्पना धरली की पुढचे अर्थ आपोआप उलगडतात. हाताच्या टोकाशी करंगळीच्या बाजूला जे हाड वर आलेले दिसते, तो उंचवटा म्हणजे मनगट. चिंध्यांचा गोळा करून त्याला दोरा आवळला की डोके आणि धड तयार होते, ती बाहुली. या दोन टोकांच्या मध्ये आणखी दोन अर्थ आहेत, आणि शब्दाचा खरा जीव मला त्यांच्यात दिसतो. लाकडाला हाताने पॉलिश चढवणारा कारागीर फडक्यात कापूस गुंडाळून जो बोळा करतो आणि गोल गोल फिरवत लाकडावर घासतो, त्यालाही स्पॅनिशमध्ये मुन्येका म्हणतात. आणि काढ्यात किंवा रश्श्यात मिसळून जाऊ नये म्हणून औषधी वस्तू फडक्यात बांधून आत सोडतात, ती पुरचुंडीही मुन्येकाच. अर्जेंटिनात आणि शेजारच्या काही देशांत एखाद्या पुढाऱ्याला 'मुन्येका आहे' असे म्हटले, तर तो अवघड प्रसंग खुबीने हाताळतो असा अर्थ होतो. मराठीत मनगटात जोर असतो, तिकडे मनगटात चातुर्य असते; ज्याने त्याने आपापल्या राजकारणावरून काय ते ठरवावे.

पोर्तुगीजने याच घराण्यातल्या शब्दाची वाटणी करून टाकली. तिथे बाहुलीला 'बोनेका' आणि मनगटाला 'मुन्येका' म्हणतात, म्हणजे गोंधळाला जागाच उरली नाही. स्पॅनिशला अशी वाटणी करण्याची गरज वाटली नाही, आणि ती का वाटली नाही हे पाहण्यासारखे आहे. शरीराच्या अवयवांबद्दल बोलताना स्पॅनिश माणूस 'माझे' हा शब्द सहसा वापरत नाही. ज्याला इजा झाली तो कोण, हे तो क्रियापदाजवळच्या सर्वनामातून सांगतो. 'रोम्पी ला मुन्येका' म्हणजे मी बाहुली मोडली. 'मे रोम्पी ला मुन्येका' म्हणजे माझे मनगट मोडले. फरक सगळा एका 'मे'चा आहे, आणि तो 'मे' स्पॅनिश बोलणारे तीन वर्षांचे पोरही चुकवत नाही. अर्थ शब्दात नसतो, वाक्यात असतो, हे वैयाकरण भर्तृहरीच्या देशात कोणी नव्याने सांगायला नको.

स्पॅनिश शरीरभर असे शब्द पसरलेले आहेत. गळ्यावर दिसणारी पुरुषाची घाटी म्हणजे 'नुएस', आणि नुएस म्हणजे अक्रोड. पोटऱ्यांतले स्नायू 'हेमेलोस', म्हणजे जुळे भाऊ, आणि सदऱ्याच्या बाहीला लावायची बटणेही हेमेलोसच. बोटाच्या टोकाचा मऊ भाग 'येमा', आणि अंड्यातला पिवळा बलकही येमा. तळपाय 'प्लान्ता', आणि रोपटे, कारखाना, इमारतीचा मजला हेही प्लान्ताच. एवढे असूनही त्या भाषेतली वैद्यकी अडून बसलेली नाही. मनगटाच्या आठ हाडांच्या समूहाला 'कार्पो' हे ग्रीक-लॅटिन नाव तिथल्या डॉक्टरांना ठाऊक असतेच, आणि स्पेनच्या राष्ट्रीय वैद्यक अकादमीने २०११मध्ये काढलेल्या वैद्यकीय संज्ञांच्या कोशात सुमारे ५२,००० नोंदी आहेत. तरीही क्ष-किरण फोटोवर बोट ठेवून अस्थितज्ज्ञ 'मुन्येका मोडली आहे' असेच म्हणतो आणि रुग्णाला ते कळते.

आपल्याकडे तर अधिक सुंदर उदाहरण आहे. डोळे तपासायला गेल्यावर थेंब घालून अर्धा तास बसवून ठेवतात आणि मग परिचारिका विजेरी मारून म्हणते, 'बघू, बाहुली मोठी झाली का?' समोर बसलेल्या आजींना त्या क्षणी नातीच्या खेळण्यातली बाहुली आठवत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यात पाहिले की स्वतःचे इवलेसे प्रतिबिंब दिसते, म्हणून त्या काळ्या वर्तुळाला बाहुली म्हणायचे, ही कल्पना आपल्या एकट्यांची नाही. ग्रीकांचा 'कोरे' हा शब्द मुलगी आणि डोळ्यातली बाहुली या दोन्हींसाठी होता. लॅटिनमधला 'पुपिल्ला' तसाच. संस्कृतातल्या 'कनीनिके'तही कन्या दडलेली आहे. आणि स्पॅनिश माणूस आजही डोळ्यातल्या बाहुलीला 'निन्या देल ओखो', म्हणजे डोळ्यातली मुलगी, म्हणतो. म्हणजे मराठीची बाहुली डोळ्यात जाऊन बसली आणि स्पॅनिशची हाताच्या टोकाला. हजारो वर्षे हे शब्द दोन-दोन अर्थ घेऊन निर्धास्त चालत आले, आणि त्यांच्यामुळे कोणाची चुकीची शस्त्रक्रिया झाल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

याचे कारण अगदी साधे आहे. दोन अर्थ एकमेकांपासून लांब असले की चूक लपत नाही. दवाखान्यात कोणी 'माझी बाहुली दुखते' असे भाषांतर समोर ठेवले तर डॉक्टर क्षणभर थबकतो, हसतो आणि 'कुठे दुखते ते दाखवा' म्हणतो. चुकीने स्वतःच दवंडी पिटलेली असते. भीती बाळगायची ती अर्थ एकमेकांच्या शेजारी असलेल्या शब्दांची, कारण तिथे चुकीचे भाषांतरही शहाण्यासारखे दिसते.

'रिन्योनेस' हा असा शब्द आहे. त्याचा कोशातला अर्थ मूत्रपिंडे. पण स्पेनमध्ये दिवसभर वाकून द्राक्षे खुडणारा मजूर संध्याकाळी 'मे दुएलेन लोस रिन्योनेस' म्हणतो तेव्हा त्याची मूत्रपिंडे दुखत नसतात, कंबर भरून आलेली असते. याचे शब्दशः भाषांतर ऐकून डॉक्टर हसणार नाही. तो गंभीरपणे लघवीची तपासणी लिहून देईल आणि मुतखड्याची शक्यता नोंदवील. 'कोन्स्तिपादो' म्हणजे स्पेनमध्ये सर्दी झालेला, आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पोट साफ न होणारा. दोन्ही तक्रारी घेऊन माणूस डॉक्टरकडेच येतो, त्यामुळे कोणता अर्थ चुकला हे प्रसंगावरून लक्षात येत नाही. 'फातीगा'चा अर्थ थकवा, पण प्वेर्तो रिकोच्या आईने मुलाला फातीगा आहे असे सांगितले तर तिला दमा म्हणायचे असू शकते. थकलेल्या मुलाला विश्रांती सांगून घरी पाठवतात आणि दम्याच्या मुलाला पाठवत नाहीत. या शब्दांवर कोणी विनोद करत नाही, कारण त्यांत हसण्यासारखे काही नाही. आणि म्हणूनच ते भाषांतराच्या चर्चेत कधी येत नाहीत.

अशा शेजारी अर्थाने काय होऊ शकते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्लोरिडातले आहे. १९८०मध्ये तिथल्या एका रुग्णालयात अठरा वर्षांच्या, क्युबन कुटुंबातल्या एका खेळाडू तरुणाला बेशुद्धावस्थेत आणले गेले. घरच्यांनी सांगितले की तो 'इन्तोक्सिकादो' आहे. क्युबन बोलण्यात याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले, असा होतो. इंग्रजी कानाला मात्र त्यात नशा ऐकू आली आणि मादक द्रव्याचा अतिरेक झाला असे गृहीत धरून उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो ध्यानात येईपर्यंत दोन दिवस गेले, आणि त्या मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे आयुष्यभराचा हिशेब धरून सुमारे ७.१ कोटी डॉलरच्या भरपाईवर तडजोड झाली. त्या वेळी कोणी व्यावसायिक दुभाषी मागितला नव्हता, कारण दोन्ही बाजूंना आपापले बोलणे पोहोचले आहे असेच वाटत होते. समजले नाही हे जिथे कळते तिथे माणूस धडपड करतो, खाणाखुणा करतो, कोणाला तरी बोलावतो. समजले आहे असा भास झाला की धडपड थांबते.

आता यंत्राकडे पाहू. दहा-बारा वर्षांपूर्वीची भाषांतर यंत्रे शब्दांना शब्द चिकटवत, आणि त्यांची वाक्ये इतकी ओबडधोबड असत की वाचणारा आपोआप सावध राही. २०१६पासून गूगलने मेंदूतल्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर बेतलेली संगणकी पद्धत (न्यूरल नेटवर्क) आणली, मग इतरांनी आणली, आणि यंत्र वाक्याचा संदर्भ पाहू लागले. 'मे दुएले ला मुन्येका'चे भाषांतर आजचे यंत्र मनगट असेच करते. म्हणून 'मुन्येका'वर बेतलेला युक्तिवाद कुचकामी आहे असे मी म्हटले. तो ऐकणारा अधिकारी खिशातून मोबाइल काढतो, वाक्य टाकतो, बरोबर उत्तर दाखवतो आणि दुभाष्यांच्या पगाराची तरतूद कापतो.

मात्र या सुधारणेची दुसरी बाजू अधिक काळजीची आहे. सन २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात रुग्णांना घरी सोडताना दिलेल्या १०० सूचनापत्रांतली वाक्ये गूगलच्या यंत्राकडून भाषांतरित करून घेतली होती. स्पॅनिशमध्ये ९२ टक्के वाक्ये बरोबर निघाली आणि चिनीत ८१ टक्के. गंभीर अपाय होऊ शकेल अशी वाक्ये स्पॅनिशमध्ये २ टक्के आणि चिनीत ८ टक्के होती. दोन वर्षांनी सात भाषांवर असाच एक अभ्यास झाला, त्यात स्पॅनिशची अचूकता ९४ टक्के आढळली आणि आर्मेनियनची ५५ टक्के. या आकड्यांवरून कोणी यंत्राला थोर म्हणेल, कोणी टाकाऊ म्हणेल. माझे लक्ष जाते ते उरलेल्या त्या थोड्या वाक्यांकडे. ती वाक्ये पानावर बरोबर वाक्यांसारखीच दिसतात. व्याकरण निर्दोष, शब्द सभ्य, सूर डॉक्टरी. जुन्या यंत्राची चूक ओठांवर हसू आणत असे. नव्या यंत्राची चूक इस्त्री केलेले कपडे घालून येते, आणि रुग्णाला मूळ भाषा येत नाही, डॉक्टरला रुग्णाची येत नाही, मग ती ओळखणार कोण?

छापील कागदावरचा विश्वास किती महाग पडतो याचा एक नमुना न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला आहे. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या औषध दुकानांनी स्पॅनिशमध्ये छापून दिलेल्या लेबलांची तपासणी केली, तेव्हा जवळपास निम्म्या लेबलांत दोष निघाले. बहुतेक दुकाने त्यासाठी संगणकावर अवलंबून होती, आणि कित्येक लेबलांत अर्धी सूचना स्पॅनिशमध्ये व अर्धी इंग्रजीतच राहिली होती. यातला धोका कळायला एकच शब्द पुरेसा आहे. 'एकदा' या अर्थाचा इंग्रजी शब्द ज्या चार अक्षरांनी लिहितात, त्याच चार अक्षरांचा स्पॅनिश उच्चार 'ओन्से' होतो आणि अर्थ होतो अकरा. रक्तदाबाची गोळी दिवसातून एकदा घ्यायची की अकरा वेळा, हे त्या लेबलावर एका न बदललेल्या शब्दाने ठरते.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग माणूस उभा केला की प्रश्न सुटला. तोही भाबडेपणा आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या एका बालरुग्ण विभागातल्या १३ भेटींच्या ध्वनिमुद्रणांवर २००३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात दुभाष्यांच्या एकूण ३९६ चुका मोजल्या होत्या, म्हणजे एका भेटीत सरासरी ३१. त्यांतल्या ६३ टक्के चुका उपचारावर परिणाम करू शकतील अशा होत्या. एका आईला कानाच्या संसर्गावर तोंडाने द्यायचे प्रतिजैविक दोन्ही कानांत घालायला सांगितले गेले. चेहऱ्यावरच्या पुरळासाठी दिलेले मलम सगळ्या अंगाला लावायला सांगितले गेले. दुभाष्यांमध्ये अकरा वर्षांचे एक भावंडही होते. रुग्णालयाच्या दुभाष्यांकडूनही चुका झाल्याच, पण त्यांच्या ५३ टक्के चुका घातक ठरू शकल्या असत्या, तर ऐन वेळी पकडून आणलेल्या माणसांच्या बाबतीत हे प्रमाण ७७ टक्के होते. दोन भाषा येणे आणि दुभाषी असणे यांत पोहता येणे आणि बुडत्याला काढणे यांच्याइतके अंतर आहे.

प्रशिक्षित दुभाषी वेगळे काय करतो, हे एकदा समोर बसून पाहावे. तो रुग्णाचे वाक्य प्रथमपुरुषीच सांगतो, 'ती म्हणते की तिला दुखते' असे न म्हणता 'मला दुखते' असे म्हणतो. स्वतःचे काही मिसळत नाही. आणि एखादा शब्द निसरडा वाटला की दोघांनाही ऐकू जाईल अशा रीतीने थांबतो आणि सांगतो की दुभाष्याला एक खुलासा विचारायचा आहे. अमेरिकेतल्या वैद्यकीय दुभाष्यांच्या आचारसंहितेत ही रीत घालून दिलेली आहे, आणि २००९मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या दोन प्रमाणन संस्था परीक्षेला बसण्यापूर्वी निदान ४० तासांचे प्रशिक्षण मागतात. 'रिन्योनेस' ऐकल्यावर असा माणूस विचारतो, 'कंबरेत म्हणता की आत, बरगडीखाली? हात लावून दाखवता का?' त्याची खरी किंमत या उलट्या प्रश्नात आहे. शब्दांचे ज्ञान यंत्राकडे त्याच्याहून अधिक असेल. पण यंत्र शंका आली तरी बहुधा उत्तरच देते, कारण त्याची घडणच उत्तर देण्यासाठी झाली आहे. फ्लोरिडात उलटा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि तिथे तर सगळी माणसेच होती.

म्हणून धोरण ठरवताना माणूस की यंत्र असा प्रश्न मांडूच नये. शंका विचारण्याचा हक्क, सवड आणि मोबदला कोणाला दिला आहे, असा मांडावा. या कसोटीवर अमेरिकेचा २०२४चा आरोग्य सेवेतील भेदभावाविरुद्धचा नियम बऱ्यापैकी उतरतो. रुग्णाच्या हक्कांशी निगडित किंवा अचूकता अत्यावश्यक असलेला मजकूर यंत्राने भाषांतरित केला तर तो पात्र माणसाने तपासलाच पाहिजे, असे तो सांगतो. लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरण्यावर आणीबाणी सोडता आधीपासूनच बंदी होती. दुसरीकडे, इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा समजेल अशा भाषेत मिळाव्यात म्हणून २०००मध्ये काढलेला अध्यक्षीय आदेश १ मार्च २०२५ रोजी रद्द करण्यात आला आणि इंग्रजीला अधिकृत भाषा घोषित केले गेले. मूळ कायदे शाबूत आहेत, पण वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते दिसते, आणि त्या वाऱ्यात 'मोबाइल आहे की' हे वाक्य फार सोयीचे ठरते.

खर्चाचा मुद्दा मी उडवून लावत नाही. रात्री दोन वाजता गावाकडच्या छोट्या दवाखान्यात दुभाषी कुठून आणणार? अशा वेळी यंत्र हे अकरा वर्षांच्या भावंडापेक्षा बरे, हे मी बिनशर्त कबूल करतो. निदान आईच्या आजाराचे ओझे पोराच्या मानेवर पडत नाही. कुठे दुखते, पाणी हवे का, उपाशीपोटी आहात का, एवढ्यापुरते ते चालवून घ्यावे. आजाराचा पूर्वेतिहास, औषधाची मात्रा आणि शस्त्रक्रियेची संमती या तीन ठिकाणी मात्र फोनवर का होईना, माणूस जोडला गेला पाहिजे. फोनवरचा दुभाषी शंभर मैलांवरूनही 'म्हणजे नेमके काय होते?' असे विचारू शकतो.

या सगळ्या चर्चेत स्पॅनिश ही दुबळी भाषा वाटू लागते, आणि ते अर्धसत्य आहे. सीमेच्या दक्षिणेला ती धन्याची भाषा आहे. मेक्सिकोने २००३मध्ये आदिवासींच्या भाषिक हक्कांचा कायदा केला आणि २००८च्या अधिकृत यादीत ६८ भाषा व त्यांची ३६४ रूपे नोंदवली. तरी चियापासच्या डोंगरातून उतरलेल्या त्सोत्सिल बाईला सरकारी दवाखान्यात 'मुन्येका' हा शब्द आपल्याला तमिळ जितकी परकी, तितकाच परका असू शकतो. ग्वातेमालाचा किचे बोलणारा मजूर अमेरिकेत पोहोचला की त्याच्या कागदावर देश पाहून 'भाषा: स्पॅनिश' असे लिहून टाकतात. तो मान डोलावतो, दुभाषी मान डोलावतो, डॉक्टर मान डोलावतो. आर्मेनियनला ५५ टक्के मिळतात, तर किचेला किती मिळतील? भाषा जितकी लहान, तितका यंत्राला मिळालेला मजकूर कमी आणि म्हणून चुका अधिक. यंत्र जिथे सर्वांत उपयोगी पडायला हवे, नेमके तिथेच ते सर्वांत लंगडे आहे.

मेळघाटातल्या ग्रामीण रुग्णालयात बसून हा परिच्छेद वाचणाऱ्याला यातले काही नवे वाटणार नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गडचिरोलीची माडिया द्राविडी कुळातली. मराठी डॉक्टरला त्यांचा अंदाजही बांधता येत नाही. केंद्राने २०२२मध्ये 'भाषिणी' हा भाषांतराचा प्रकल्प आणला आणि त्याचा मुख्य भर आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर आहे. कोरकू आणि माडिया त्या अनुसूचीत नाहीत. मधल्या काळात दुभाष्याचे काम आशाताई करते, नाहीतर वॉर्डातली मावशी करते, आणि ते काम म्हणून मोजले जात नाही. ज्या माणसाच्या कामाला नाव नाही, तो डॉक्टरांना थांबवून उलटा प्रश्न विचारील, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? त्या बाईला चाळीस तासांचे शिक्षण, गळ्यात ओळखपत्र आणि महिन्याकाठी ठरलेला मोबदला दिला, तर होणारा खर्च रुग्णालयांत नव्याने लागणाऱ्या संगणकी पडद्यांपेक्षा आणि टॅबलेट संगणकांपेक्षा फार असेल असे मला वाटत नाही.

माझी मावशी दोन वर्षांपूर्वी मुलाकडे अमेरिकेत गेली होती, तेव्हा तिला एका दवाखान्यात नेले. मुलाने 'मी सांगतो' म्हटले, पण तिथल्या परिचारिकेने नियमावर बोट ठेवून फोनवर मराठी दुभाषी जोडून दिली. मावशी म्हणाली, "सकाळपासून जीव घाबरा होतोय." मुलगा नंतर म्हणाला की त्याने हे सरळ 'तिला भीती वाटते' असे सांगितले असते, आणि परदेशात एकटी पडलेली म्हातारी बाई म्हटल्यावर डॉक्टरलाही ते पटले असते. फोनवरची बाई मात्र थांबली. तिने इंग्रजीत डॉक्टरांची परवानगी घेतली आणि मग मराठीत विचारले, "मावशी, भीती वाटते म्हणता, की छातीत कसंतरी होतं?"

"भीती कशाची, बाई?" मावशी म्हणाली. "जिना चढले की धाप लागते, आणि मग इथे, डाव्या बाजूला, मनगटापर्यंत दुखत जातं."